केडगावची प्रार्थना आणि तिचे उत्तर

माढ्याच्या माढेश्वरीला नवस बोलणाऱ्या भाविकाला देवीने हाक ऐकली की नाही, हे नवस फेडायची वेळ आली की उमगते. ख्रिस्ती धर्मात मात्र प्रार्थनेचे उत्तर ओळखण्याची रीत इतकी सरळ नाही. येशूने शिष्यांना निःसंकोच मागायला शिकवले हे खरे, पण अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतःवरचे संकट टळावे म्हणून विनवणी करताना अखेरचा निर्णय त्याने पित्याच्या इच्छेवर सोडला, आणि संकट टळले नाही. शरीरातील एका पीडेपासून सुटका व्हावी म्हणून तीनदा विनवणाऱ्या पौलालाही ती सोसण्यापुरती ‘कृपा’, म्हणजे पात्रतेवर अवलंबून नसलेले देवाचे साहाय्य, तेवढी लाभली. नकार हेही उत्तरच, ही शिकवण येथून येते.

माढ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या पुढे लागणाऱ्या केडगावात या शिकवणीचा कस लागला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुलींना ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी तेथे आसरा दिला, तेव्हा अमेरिकेतील मंडळाने विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला दहा वर्षांपुरती दिलेली मदतीची हमी संपत आली होती. ब्रिस्टल येथे हजारो अनाथांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. ठरावीक उत्पन्नाची हमी न धरता गरज देवापुढे मांडावी, हा त्याचा मार्ग त्यांनी पत्करला. १९०० पर्यंत केडगावच्या या आसऱ्यात, म्हणजे मुक्ती सदनात, सुमारे १५०० माणसे राहू लागली होती, आणि इतक्या ताटांची सोय लावणारे उत्तर बहुधा टपालाने, परदेशी देणगीदारांच्या पाकिटांतून येत असे. सदनाची हकीकत ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होती, तेव्हा हे एक प्रकारचे आवाहनच नव्हे काय, असा प्रश्न संशयी वाचकाला पडेल आणि तो गैर नाही. यावर श्रद्धावंताचे उत्तर असे की देव माणसांच्याच हातांनी देतो, आणि देणाऱ्याला बुद्धी होणे हाच उत्तराचा भाग असतो. हा युक्तिवाद सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

अन्नपाण्यापलीकडचे मागणेही होते. जानेवारी १९०५ पासून सदनातील मुली आध्यात्मिक ‘जागृती’साठी, म्हणजे श्रद्धा सामुदायिकपणे नव्याने पेटावी यासाठी, रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या आणि जूनमध्ये त्या मोठ्याने रडत पापे कबूल करू लागल्या, तेव्हा ते दृश्य काहींना देवाचे उत्तर वाटले, तर काहींना निव्वळ भावनांचा उमाळा.

नकार सोसण्याची वेळही आली: रमाबाईंच्या पश्चात सदनाचा भार जिने वाहायचा ती त्यांची कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली. त्यानंतरही मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा ते हातावेगळे झालेले होते.