पांढरीचे दप्तर

काळी आणि पांढरी हा भेद आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. पांढरीस तो रंग कशाने आला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मातीच्या भिंती ढासळतात, चुलीची राख, शेण व हाडके त्यांत मिसळतात, आणि त्याच थरावर पुढली पिढी घर बांधते. हा क्रम शतकानुशतके चालला म्हणजे टेकाड होते. सबब पांढरी हे कुणब्याच्या वहिवाटीचे सर्वांत जुने दप्तर होय.

ते कसे वाचावे, हे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी दिसले. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर व अन्सारी या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे, तेथे शेतकरी नांदले. सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष, चुली व कणग्यांच्या जागा थरावर थर अशा निघाल्या. लोक जव पिकवीत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी कोठार होते. नदीचे पाणी वळविण्यास पाट व बांध होता. मृत बालकांस दोन घटांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या खेड्यांतही पूर्वज घराखाली पुरून त्याच जागी नवे घर उभारल्याचे आढळते. जेथे वाडवडील निजले, ती जागा कोण सोडील?

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटले असावे, असे ढवळीकरांचे अनुमान आहे. घर लहान झाले, तरी आणखी तीनशे वर्षे वस्ती हलली नाही.

कयाधू, पूर्णा व पैनगंगा यांच्या काठच्या आमच्या बांधवांस एवढीच विनंती की, ओसाड पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरून नेऊ नये. राखेमुळे व हाडांमुळे तिला कस असतो हे खरे. परंतु तो एकदोन हंगामांचा लाभ. तलावातील गाळ व उकिरड्याचे कुजलेले खत तेच काम करितात. खणताना सारवलेली जमीन, चूल, घट अथवा लाल खापरावर काळी नक्षी दिसल्यास काम थांबवून तहसीलदारांस किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे. खापर उचलून घरी आणिल्याने काही कळत नाही. ते कोणत्या थरात होते, यावरूनच काळ ठरतो. कागदाचे दप्तर जळाल्यास नक्कल मिळू शकते, पांढरीची नक्कल कोठेही नाही.