काहिलीपासून सुरतेच्या बाजारापर्यंत

पहाटे ३
चुलाण पेटलं. पाटसच्या आमच्या गुऱ्हाळावर पहिलं आदण अंधारातच लागतं. तोडलेला ऊस पडून राहिला की रस उतरतो आणि मग ढेप नीट बसत नाही. कालच्या चरकाचं चिपाड वाळलेलं असलं की जळणाची काळजी मिटते.

पहाटे ५
रस उकळीला आला. ठेचलेल्या भेंडीच्या खोडांचं पाणी टाकलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. आमचा गुळव्या मुझफ्फरनगरकडचा. दौंड तालुक्यातली कितीतरी गुऱ्हाळं आज उत्तर प्रदेशातल्या मंडळींच्या हातांवर चालतात. ज्या मुझफ्फरनगरच्या गुळाशी गुजरातच्या बाजारात आमची स्पर्धा, तिकडचाच माणूस आमची काहील सांभाळतो. देशाचा बाजार एक आहे, हे मला सगळ्यात आधी इथं दिसतं.

सकाळी ६:३०
पाक आळला. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या काठावर आपटतो. टणकन आवाज आला की सगळे काहिलीला हात लावतात. थोडाही उशीर झाला तरी गूळ करपतो. वाफ्यात ओतलेला पाक फावड्यानं हलवत निववायचा, मग ढेपा. टनभर उसाला साधारण शंभर किलो गूळ पडतो.

सकाळी ८
उसाची ट्रॉली आली. शेतकरी म्हणाले, "तात्या, निदान कारखान्याएवढा तरी दर द्या." मागणं रास्त आहे. कारखान्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, बंधनकारक आहे. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये. आमच्यासारख्या छोट्या गुऱ्हाळाला तो लागू नाही. आम्ही पैसे रोख देतो, म्हणून ऊस येतो. भीमा पाटस कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद होता, तेव्हा गुऱ्हाळांनी या भागातला बराच ऊस गाळला. पण साखरेला किमान विक्रीदर आहे, २०१९ पासून किलोला ३१ रुपये. गुळाला तसा आधार कुठलाच नाही.

सकाळी ११
व्यापाऱ्याचा फोन. मुझफ्फरनगरची आवक वाढली की इथला भाव उतरतो, हे आता अंगवळणी पडलंय. घटनेच्या कलम ३०१ नं देशभर व्यापार मोकळा ठेवला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बहुतेक राज्यांनी सीमेवरचे कर-नाके उठवले. गाडी आता नाक्यावर रात्रभर अडकत नाही, हा फायदा खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

पण युरोपातल्या सहा देशांनी १९५७ च्या रोम करारानं सामाईक बाजार उभारला, तेव्हा शेतीचं सामाईक धोरणही त्यातच ठरवलं आणि १९६२ पासून राबवलं. सीमा उघडतानाच भावाला टेकू दिला. पुढे २००६ पासून साखरेचे आधारभाव खाली आणले, तेव्हा बीट पिकवणाऱ्यांना थेट भरपाई दिली. त्यांच्या धोरणात दोष होते, साठे तुंबले, खर्च फुगला. तरी बाजार जोडताना पिकवणाऱ्याचं काय होईल, हा प्रश्न त्यांनी टेबलावर ठेवला होता. आमच्याकडे गुळाबाबत तो कुणी ठेवलेलाच नाही.

दुपारी २
जेवण उरकून मुलगा पिशव्यांचे नमुने दाखवतो. किलोच्या पिशवीत भरून विकला तर चार पैसे सुटतील, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. सुट्या ढेपेवर कर नाही. वजन-नाव छापून पॅक केली की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर राज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण तीच पिशवी सुरतेला पाठवायची म्हटली, की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. नाके उठले, पण छोट्या प्रक्रिया उद्योगासाठी राज्याची सीमा तिथंच आहे. ही अट काढली पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी ४
दुसरं आदण. व्यापाऱ्याला पिवळाधमक गूळ हवा असतो. रंगासाठी रसायन आणि वजनासाठी साखर घालणारे आहेत, आणि बोलीत त्यांची ढेप आमच्या तांबूस ढेपेच्या वर जाते. बाजार मोठा झाला तसा गिऱ्हाईक लांब गेलं. चव बघून घेणारा राहिला नाही, रंगावर भाव ठरतो. भेसळीची तपासणी प्रत्येक बाजार समितीत झाली तर चोख गूळ करणारा टिकेल.

संध्याकाळी ६
टेम्पो भरला, सोलापूर रस्त्यानं पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघाला. उद्याच्या उसाचा दर शेतकऱ्यांना आज रात्रीच सांगायचाय. त्या उसाचा गूळ बोलीला लागेल परवा. मी दर सांगतो, सकाळचाच, आणि ट्रॉली पहाटे दोनला लावायला सांगतो.