वेगाचे ओझे वाहणारी चकती

गेल्या कार्तिकात माझी बहीण आपल्या मुलाबरोबर हैदराबादहून श्रीशैलास गेली होती. मुलाची गाडी भारी शक्तीची. तिचा वेग हा त्याच्या अभिमानाचा विषय. नल्लमलाच्या अरण्यातून रस्ता वळणे घेत धरणाकडे उतरू लागला, तेव्हा काही वळणांनंतर ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणावर ते थेट तळाला टेकले. मुलाने प्रसंगावधान राखून खालचा गिअर टाकला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा जागेवर आले. घरी परतल्यावर बहिणीने मला यात्रेची हकिगत सांगितली, ती देवदर्शनाची थोडी आणि त्या अर्ध्या तासाचीच अधिक.

शहरात आल्यावर एका कारागिराने भाच्याला भोके पाडलेल्या, परदेशी बनावटीच्या ब्रेक-चकत्या बसविण्याचा सल्ला दिला. भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, “मामा, खर्च मोठा आहे, पण आईला पुन्हा नेताना मनात भीती नको.” यंत्रांच्या सहवासात माझे आयुष्य गेले आहे. त्याला जे सांगितले, तेच वाचकांसमोर ठेवतो.

चाकाबरोबर फिरणारी ही चकती, म्हणजेच डिस्क किंवा रोटर, गाडी थांबविते म्हणजे नेमके काय करते? दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात आणि गाडीची गती घर्षणाने उष्णतेत बदलते. ही उष्णता किती असते? दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. पावणेदोन लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी. वेग १२० केला, तर ती जवळजवळ दीडपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घाटात तर गाडी वेग न वाढविताही उष्णता साठविते: ३०० मीटर उंची उतरताना सुटणारी ऊर्जा ही शंभराच्या वेगावरून साडेसात वेळा थांबण्याइतकी असते. इंजिनाने तिचा वाटा उचलला नाही, तर बहुतेक भार ब्रेकवरच पडतो.

म्हणून चकतीचा पहिला गुण म्हणजे तिचे वस्तुमान. पुढच्या दोन चकत्या प्रत्येकी आठ किलोच्या असतील, तर शंभरावरून एकदा थांबताना त्या सुमारे ५० अंशांनी तापतात. वजन निम्मे केले, तर तापमानाची वाढ दुप्पट. दुसरा गुण म्हणजे उष्णता सोडून देण्याची क्षमता. दोन पृष्ठांमध्ये पोकळी आणि पाती असलेली चकती मध्यातून वारा ओढून कडेने बाहेर फेकते. अशा चकत्या सहसा बिडाच्या असतात. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता चांगली वाहते आणि कंपनेही शमतात.

आता भोकांविषयी. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघत आणि तो पॅड व चकती यांच्यामध्ये अडकू नये म्हणून भोके उपयोगी पडत. आजच्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. भोकांनी पावसात पाणी लवकर हटते, चकती हलकीही होते. परंतु उष्णता साठविणारे लोखंड तेवढे कमी होते आणि वारंवार तापण्या-निवण्याने भोकांच्या कडांपासून तडे जाऊ शकतात. कोरीव खाचा त्या मानाने बऱ्या. त्या पॅडचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवतात, मात्र पॅड लवकर झिजवितात आणि आवाजही करतात.

याहून पुढची पायरी कार्बनची, आणि तिचा आपल्या शहराशी संबंध आहे. संरक्षण संशोधन विभागाच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या तापणाऱ्या अग्रभागासाठी कार्बन-कार्बन पदार्थाचे तंत्र साधले गेले आणि त्याच विद्येतून ‘तेजस’ विमानाच्या ब्रेक-चकत्या घडविण्यात आल्या. प्रचंड उष्णतेतही त्यांचे बळ टिकते. पण अशा चकत्यांची खरी पकड तापल्यावरच साधते. काचीगुड्याच्या गर्दीत दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्या थंड ब्रेकला त्यांचा काय उपयोग?

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला-ई मोटारींची शर्यत झाली. त्या मोटारींच्या मूळ आराखड्यात मागच्या चाकांना नेहमीचे तेलाच्या दाबावरचे ब्रेकच नव्हते. आणीबाणीसाठी वेगळ्या ब्रेकची सोय नंतर करण्यात आली. वेग कमी करण्याचे बरेचसे काम विद्युत्‌-यंत्र करीत असे आणि गतीची ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाई. म्हणजे शर्यतीच्या गाडीतही आधी प्रश्न हाच, की उष्णता किती आणि ती कोठे न्यायची. चकती कोणती, हे त्यानंतर.

मग श्रीशैलाच्या घाटात बिघडले काय? मी भाच्याला विचारले, “ब्रेकचे तेल कधी बदललेस?” त्याला आठवेना. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये, अशी अट असते. ओलावा मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले, की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला जाते आणि चाकाला जोर पोहोचत नाही. तेल थंड झाल्यावर पेडल परत येते. नेमके हेच घडले होते.

आम्ही दोघांनी गाडी तपासून घेतली. तेल काळपट झाले होते. पुढची एक चकती तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्याही खाली झिजली होती, म्हणजे तिची उष्णता पेलण्याची शक्तीही घटली होती. तेल बदलले, पुढच्या दोन्ही चकत्या एकदम बदलल्या, त्याही बिडाच्या, साध्या, आतून पोकळ. आणि पॅड नवे घातले. कारागिराने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला. धावपट्टीवर गाडी पळविणाऱ्याने खाचांच्या जाड चकत्या अवश्य घ्याव्यात. त्याची गरज वेगळी आहे. आपण मात्र दर दोन वर्षांनी तेल बदलावे, चकतीची जाडी मोजून घ्यावी आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा.

महाशिवरात्रीपूर्वी ती दोघे पुन्हा श्रीशैलास जाऊन आली. बहिणीने या वेळी मला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाचे सविस्तर वर्णन ऐकविले. घाटाचा उल्लेखही केला नाही.