आजीच्या चुलीवरील मका

संध्याकाळची वेळ आहे. मेक्सिको देशाच्या दक्षिण भागातील ओआहाका प्रांतात एखाद्या खेड्यात आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. दिवसाची कामे आटोपली आहेत. परंतु घरातील आजीबाईंची एक कामगिरी अजून शिल्लक आहे. त्या मक्याचे वाळलेले दाणे निवडतात, मोठ्या भांड्यातील पाण्यात घालतात आणि त्यांत थोडासा चुना कालवतात. भांडे चुलीवर चढते, दाणे किंचित शिजतात आणि मग रात्रभर त्याच पाण्यात भिजत पडतात. सकाळी ते पिवळसर पाणी ओतून देऊन दाणे चोळून धुतले, की त्यांची साले सुटून येतात. या दाण्यांना तेथे ‘निश्तामाल’ असे म्हणतात. ते ओलेच वाटून त्याचा गोळा करावयाचा, त्याच्या पातळ चकत्या थापावयाच्या आणि ‘कोमाल’ नावाच्या तव्यावर भाजावयाच्या. हीच मेक्सिकन लोकांची भाकरी, म्हणजे टॉर्टिया होय.

मुलांनो, धान्यात चुना कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. परंतु त्यापूर्वी मक्याची जन्मकथा ऐकली पाहिजे.

मका हे रानात आपोआप उगवणारे पीक नव्हे. सुमारे ९००० वर्षांपूर्वी मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांनी ‘तेओसिंते’ नावाच्या रानगवतापासून ते तयार केले. त्या गवताच्या कणसाला जेमतेम दहा-बारा दाणे असत आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखे कठीण कवच असे. पिढ्यान् पिढ्या चांगले दाणे निवडून पेरता पेरता शेतकऱ्यांनी त्या क्षुद्र गवताचे भरघोस कणसाच्या मक्यात रूपांतर केले. आजच्या मक्याचे दाणे पानांच्या आवरणात घट्ट बंदिस्त असतात. ते सोलून पेरणारा मनुष्य नसेल, तर मक्याचा वंश चालणार नाही. मका माणसाला पोसतो आणि माणूस मक्याला! मनुष्य मक्याच्या पिठापासून घडविला गेला, अशी कथा माया लोकांच्या पुराणात आहे, ती उगीच नव्हे.

आता चुन्याचे रहस्य पाहू. १४९२ साली कोलंबस अमेरिकेस पोहोचला. त्यानंतर थोड्याच काळात मका युरोपात आला आणि थोड्या जमिनीत पुष्कळ पिकणारे धान्य म्हणून गोरगरिबांचे अन्न बनला. पण मक्याबरोबर आजीबाईंची ती चुन्याची रीत मात्र समुद्र ओलांडून गेली नाही. कोरडा मका दळावा आणि त्याची लापशी करून खावी, एवढेच युरोपीयांनी केले. पुढे एका भयंकर रोगाने तेथे मूळ धरले. कातडी खरखरीत होऊन सोलून निघे, पोट बिघडे, बुद्धीला भ्रम होई आणि अखेरीस रोगी दगावत असे. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली या रोगाची प्रथम नोंद केली. इटलीमध्ये त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले.

हा रोग संसर्गाने पसरतो, असे पुष्कळांना वाटे. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ सालापासून त्याचा कसून अभ्यास केला आणि रोगाचे मूळ अपुऱ्या आहारात आहे, हे दाखवून दिले. आपले म्हणणे खरे ठरविण्यासाठी त्यांनी रोग्याचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले! त्यांना रोग झाला नाही. पुढे १९३७ साली ‘नायसिन’ या जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो, हे निश्चित झाले. मक्यात नायसिन असते; परंतु ते असे जखडलेले असते, की आपल्या शरीराला घेता येत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते. शिवाय हाडांना आवश्यक असलेले कॅल्शियमही भाकरीत उतरते. मेक्सिकोतील शेतकरी मक्याच्या ताटाशेजारीच घेवडा आणि भोपळा लावीत आले आहेत; त्यामुळे जेवणातील उरलेली उणीवही भरून निघते. जे शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात कळले, ते मेक्सिकोतील स्त्रिया किमान ३००० वर्षे आचरीत आल्या होत्या. त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते. पण गुण ठाऊक होता.

मात्र या भाकरीमागे स्त्रियांचे अपार कष्ट होते, हे विसरून चालणार नाही. ‘मेताते’ नावाच्या दगडी पाट्यापुढे गुडघे टेकून त्या रोज चार-पाच तास मका वाटीत. विसाव्या शतकात गावोगाव निश्तामाल वाटणाऱ्या गिरण्या आल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवरचे मोठे ओझे उतरले. रीत राहिली आणि कष्ट कमी झाले.

तेथील कौटुंबिक सणांतही मक्याला मानाचे स्थान आहे. ६ जानेवारीस घरोघरी कड्याच्या आकाराचा गोड पाव कापतात. त्यात एक चिमुकली बाहुली दडविलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल, त्याने २ फेब्रुवारीस सर्वांना ‘तमाल’ खाऊ घालावयाचे, असा संकेत आहे. तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ. आजी, आई, मावश्या आणि मुले एकत्र बसून तो करतात. १ व २ नोव्हेंबरला दिवंगत आप्तांचे स्मरण करतात. त्यांच्या तसबिरीपुढे दिवे, पाणी, मीठ, तमाल आणि झेंडूची फुले मांडतात. गेलेली माणसे त्या दिवशी घरी येतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून त्या सणात शोकापेक्षा आतिथ्यच अधिक असते.

झेंडू हा शब्द वाचून तुम्ही थबकला असाल! होय, आपल्या दसऱ्याच्या तोरणातील झेंडूचे माहेर मेक्सिकोच आहे. आपल्या घरातील मिरची आणि बागेतील चिकू यांचेही मूळ त्याच प्रदेशात आहे. सागरापलीकडील तो देश आपण समजतो तितका परका नाही.

मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० साली युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तरीही आजीबाईंची रीत निर्धोक आहे, असे नाही. शहरांतून तयार पिठाचा वापर वाढला आहे, आणि परदेशातून मकाही मोठ्या प्रमाणावर येतो. पांढरा, पिवळा, तांबडा, निळा अशा रंगांच्या देशी मक्याचे साठाच्या आसपास वाण तेथे आहेत. ते पेरणारे हात थांबले, तर ते वाण नाहीसे होतील. यास्तव २०२५ साली त्या देशाने राज्यघटनेत दुरुस्ती करून, जनुकांत कृत्रिम बदल केलेल्या मक्याच्या लागवडीस बंदी घातली.

मुलांनो, धान्य गलबतातून नेता येते. त्याच्या मागचे शहाणपण मात्र विचारून घ्यावे लागते. युरोपीयांनी मका नेला, पण तो रांधणाऱ्या स्त्रियांना “तुम्ही असे का करता?” म्हणून विचारले नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत असंख्य गरिबांना आपले प्राण देऊन मोजावी लागली. तुमच्या घरीही आजी स्वयंपाक करताना काही जुन्या रीती पाळीत असेल. त्यांतील प्रत्येक रीत बरोबरच असेल, असे नाही; परंतु ती टाकून देण्यापूर्वी तिच्याजवळ बसून एकदा कारण अवश्य विचारा.