ऑर्केस्ट्रासाठी मिक्सर निवडताना

निपाणीच्या एका गणेशोत्सव मंडळाने ऑर्केस्ट्रासाठी मिक्सर खरेदीची तजवीज करताना माझा सल्ला विचारला, म्हणून हा तपशील.

प्रथम वाद्यांचा हिशेब मांडावा: ढोलकीला 2 माइक, गायकांना 4, कीबोर्ड व ऑक्टोपॅडला स्टिरिओ जोड्या, गिटार व बेसला एकेक, या 12 चॅनलांवर ऐनवेळची तरतूद धरून 16 घ्यावेत.

मात्र केवळ आकड्यावर विसंबू नये. यामाहाच्या एमजी16एक्सयूमध्ये चॅनल 16 असले, तरी माइकची इनपुट 10च आहेत.

मंचावर स्वतःचा स्वर ऐकू न आल्यास निष्णात गायकही बेसूर होण्याचा संभव असल्यामुळे, प्रेक्षकांकडील आवाज कमीजास्त केला तरी मॉनिटरमधील अबाधित राखणाऱ्या प्री-फेडर ऑक्झिलरी किमान दोन असाव्यात, ही बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

आपल्या वाद्यांची यादी कळवावी. यथामती उत्तर देईन.