विश्लेषण : नवजात बाळाला ‘कॉन्ट्रास्ट’ दिल्यानंतरचे तीन आठवडे महत्त्वाचे का?

राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध असलेले काठी (ता. अक्कलकुवा) हे सातपुड्याच्या डोंगरातील गाव. अशा गावातील नवजात बाळाला हृदयाचा गंभीर आजार निघाला, तर तपासणीसाठी मोठे शहर गाठावे लागते. तेथे सीटी स्कॅनसाठी शिरेतून ‘कॉन्ट्रास्ट’चे इंजेक्शन दिले जाऊ शकते. त्याचा एक दुष्परिणाम मात्र बाळ घरी परतल्यावर सुरू होऊ शकतो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे काय?
रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध. मात्रा साधारणपणे किलोमागे २ मिलिलिटर. म्हणजे अडीच किलोच्या बाळाला सुमारे ५ मिलिलिटर. त्याच्या अंगातले एकूण रक्तच सुमारे २०० मिलिलिटर असते.

लगेचचे धोके कोणते?
बाळाची शीर नाजूक असते. सुई सरकल्यास औषध त्वचेखाली पसरून सूज, फोड, क्वचित जखम होते. मूत्रपिंडे पूर्ण विकसित नसल्याने औषध बाहेर पडण्यास वेळ लागतो. अंगातले पाणी कमी झालेल्या बाळाला हा धोका अधिक. ॲलर्जी क्वचितच होते.

उशिरा दिसणारा धोका कोणता?
जादा आयोडीनमुळे थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावू शकते. बाळाच्या मेंदूच्या वाढीला हे संप्रेरक अत्यावश्यक असते. वरवर लक्षणे दिसतीलच असे नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) मार्च २०२२ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची तीन आठवड्यांच्या आत थायरॉइड तपासणी करण्याची शिफारस केली. नवजात, कमी दिवसांची आणि हृदयविकार असलेली बाळे अधिक जोखमीची. जन्मानंतरची तपासणी कॉन्ट्रास्टपूर्वी झाली असेल, तर ती पुरेशी नाही.

पालकांनी काय करावे?
घाबरून स्कॅन टाळू नये. गरजेचा स्कॅन जीव वाचवतो. मात्र सोनोग्राफीने भागेल का, हे विचारावे. कॉन्ट्रास्ट दिल्याची तारीख आणि थायरॉइड तपासणीचा दिवस डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावा. आशा सेविका जन्मानंतर ४२व्या दिवसापर्यंत घरी भेटी देतात; त्यांना ते कार्ड दाखवावे. आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि वाहतूक जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयात मोफत आहे. दोष वेळेत सापडला, तर औषधाने उपचार होतात.