पेरणी करावी की थांबावं? : घरच्या संगणकाची प्रणाली बदलण्याचा प्रश्न



मागच्या काही व्याख्यानांत आपण प्रमाणांचा, म्हणजे खरं ज्ञान आपल्याला कशाकशातून मिळतं याचा विचार केला. आज तोच विचार एका घरगुती प्रश्नाला लावून बघू या. आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं आहे, "घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. आता ते बंद झालं म्हणतात. ११ टाकावं, की आहे तसंच चालू द्यावं?" हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या मास्तरला कशाला विचारता, असं आम्ही आधी म्हणालो. मग लक्षात आलं की आमच्याच टेबलावर हा प्रश्न कित्येक दिवस पडून आहे.

पहिलं काम शब्दाचा अर्थ लावण्याचं. "बंद झालं" म्हणजे नेमकं काय बंद झालं? विंडोज १० बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीचा आधार देणं थांबवलं. संगणक बंद पडला नाही. तो आजही सुरू होतो, फाइली उघडतात, प्रिंट निघते. थांबलं ते एवढंच, की प्रणालीत नवीन भगदाड सापडलं तर ते बुजवणारी दुरुस्ती आता आपोआप घरी येणार नाही. घर तेच आहे, राहणारे तेच आहेत, फक्त कुलपाची डागडुजी करणारा येणं थांबला आहे. "बंद झालं" या दोन शब्दांनी जी धास्ती बसते, ती अर्थ लावला की निम्मी उतरते.

पण उरलेली निम्मी खरी आहे. इथे दुसरी चूक होते. आपण म्हणतो, "आजवर काही झालं नाही, पुढेही होणार नाही." बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ च्या आपल्या पुस्तकात एका कोंबडीचं उदाहरण दिलं आहे. मालक तिला रोज दाणे टाकतो. तिचा रोजचा अनुभव पक्का होत जातो, आणि एक दिवस तोच मालक तिची मान मुरगळतो. तिचा अनुभव खोटा नव्हता, पण दाणे का मिळतात हे कारण तिला माहीत नव्हतं. आपला संगणक आजवर सुरक्षित राहिला, कारण दर महिन्याला दुरुस्त्या येत होत्या. कारणच निघून गेल्यावर जुन्या अनुभवाच्या भरवशावर किती राहायचं?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला झाला. जगभरच्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला, त्याची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांच्याकडे तो शिरला. एक बारकी गोष्ट ध्यानात घ्या. दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कुठे होतं हेही चोराला कळतं. म्हणून दुरुस्ती न मिळणारं यंत्र दिवसेंदिवस जास्त उघडं पडत जातं.

आता तिसरा मुद्दा, सांगतो कोण? न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्त कुणाला म्हणायचं हे ठरवलं आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पडद्यावर जी सूचना येते, "नवीन संगणक घ्या," ती पाठवणाऱ्या कंपनीला माहिती निश्चितच आहे. पण तिला विकायचंही आहे. दुकानदारालाही विकायचं आहे. फुकट सल्ला देणाऱ्या भाच्याला विकायचं काही नसतं, पण त्याला माहिती असतेच असं नाही. म्हणजे पूर्ण आप्त कुणीच नाही. तेव्हा कुणाचं किती आणि कशाबाबत ऐकायचं, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. तारखा आणि यंत्राच्या अटी कंपनीकडून घ्याव्यात. आपली गरज काय, हे मात्र तिच्याकडून घेऊ नये.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला हे शिकवावं लागू नये. भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत सगळे कान देऊन ऐकतात. पण ते ऐकून अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी कुणी तिफण काढत नाही. आमचे शेजारी सोयाबीन पेरतात. एका वर्षी मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला आणि आम्ही उत्साहाने म्हणालो, "चला, आता पेरणी." ते म्हणाले, "मास्तर, पानी पडलं मनजे वाफसा आला असं नसते." ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभागही दरवर्षी सांगतो. घाई केली तर दुबार पेरणी, आणि फार थांबलं तर हंगाम हातचा जातो. आपल्या प्रश्नाचं उत्तर 'नवं' किंवा 'जुनं' या शब्दांत नाही. वाफसा आला का, हे बघण्यात आहे.

संगणकाचा वाफसा कसा ओळखायचा? त्याआधी आमची चूक सांगतो. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार संपला, तेव्हा आम्ही लगबगीने यंत्र एका दुकानात नेलं. मुलाने विचारलं, "सर, फॉरमॅट करून टाकू का?" आम्ही म्हणालो, "करा." त्या शब्दाचा अर्थ आम्ही विचारला नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'आधी शब्दाचा अर्थ विचारा' असं सांगणारे आम्ही! आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून त्या संगणकात घेतलेल्या होत्या. कॅसेटला बुरशी लागली म्हणून आम्ही ती टाकून दिली होती. बहिणीकडे एका सीडीवर थोड्या ओव्या निघाल्या, बाकीच्या गेल्या. दोष दुकानाचा नाही. त्याने विचारलं होतं.

यातून एक भेद शिकलो. प्रणाली ही बदलता येणारी वस्तू आहे. आज घातली, उद्या काढली, परवा पुन्हा घातली. आपण तयार केलेली फाइल तशी नाही. ती जगात एकच असते. आपण या दोन्हींना मिळून "कॉम्प्युटर" म्हणतो, आणि भीती आणि निष्काळजीपणा दोन्ही तिथूनच सुरू होतात.

शेतकरी सगळं बियाणं एकाच पेरणीत घालवत नाही, दुबारसाठी थोडं राखतो. तसं पहिलं काम, आपल्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी, मुलाकडे किंवा मुलीकडे. इंटरनेटवर आपोआप जुळणारी जागा चांगलीच, पण तिथे एक धोका आहे. इथे पुसलं की पुष्कळदा तिथलंही पुसलं जातं. आणि नुसती प्रत काढून भागत नाही. घरचं सोयाबीन बियाण्यासाठी ठेवलं तर आपण ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण तपासतो, ७० किंवा जास्त उगवले तरच ते बियाणं. तशीच प्रतीचीही उगवण तपासा. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा आणि दहा-वीस फाइली उघडून बघा.

इथे आपल्या मराठीचा एक खास पेच आहे. बरीच वर्षं आपण ज्या फॉन्टांत टाइप केलं, त्यांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला 'क'चा आकार देतो. तो फॉन्ट नव्या यंत्रात नसला, की आपला अख्खा लेख निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन बसतो. जुन्या मराठी सॉफ्टवेअरपैकी काहींना चालण्यासाठी डोंगल लागतं, आणि ते नव्या प्रणालीत ओळखलं जाईलच असं नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. 'क'चा ०९१५. विंडोज असो, लिनक्स असो, मोबाइल असो, क्रमांक तोच. म्हणून जुनं यंत्र चालू आहे तोवर त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, आणि जोडाक्षरं, रफार नीट आले का ते डोळ्यांनी वाचून घ्यावं.

एवढं झालं की वाफसा आला. मग वाटा बघा, त्या चार आहेत.

पहिली, विंडोज ११. कंपनीचाच 'पीसी हेल्थ चेक' नावाचा प्रोग्राम आपलं यंत्र पात्र आहे का ते सांगतो. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. टीपीएम काही यंत्रांत असतं, पण बंद ठेवलेलं असतं. ते चालू करता येतं. यंत्र पात्र असेल तर ही वाट सरळ आहे. बढती घेतल्यावर नाही आवडलं, तर साधारण १० दिवस मागे फिरण्याची सोय राहते. मात्र लाइट जाण्याची वेळ टाळा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे काम सुरूच करू नका.

दुसरी, अपात्र यंत्रावर जुगाड करून ११ टाकणं. बरेच दुकानदार करून देतात. पण अशा यंत्रांना दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्यासाठी बदलायचं त्याचीच हमी नसेल, तर बदललं कशाला?

तिसरी, १० वरच थांबून वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांसाठी नाव नोंदवणं. घरगुती वापरकर्त्यांसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैशाविना मिळते, नाहीतर ३० डॉलर. हा कायमचा उपाय नाही, एका हंगामाची सवड आहे.

चौथी, लिनक्स. लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली पेनड्राइव्हवरून, आतलं काही न पुसता, चालवून बघता येते. मराठी टायपिंग, इन्स्क्रिप्टसकट, तिथे आहे. लिबर ऑफिस आहे. पण टॅली, जुनं मराठी सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचं टोकन यांची आधी खात्री करावी लागते.

आमचं यंत्र २०१६ चं, सहाव्या पिढीचं, म्हणजे पहिली वाट बंद. त्यात काय आहे? जुन्या फॉन्टमधली तीस-पस्तीस वर्षांची टिपणं, ओव्यांची उरलेली ध्वनिफीत आणि पेन्शनच्या बँकेचं काम. घरात दोन मतं होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "नवीनच घ्या, पैसे काय वर न्यायचेत का?" नातू म्हणाला, "आजोबा, लिनक्स टाका." दोघांचंही खरं होतं, फक्त वेळ वेगळी होती. आम्ही तिसरी वाट धरली, पण तारीख लावून. ती मुदत संपेपर्यंत टिपणं युनिकोडमध्ये न्यायची. रोज पाच पानं होतात. ओव्यांची एक प्रत बहिणीकडे ठेवली आहे, आणि ती वाजते का हे फोनवर ऐकून घेतलं आहे. बँकेचं काम तोवर दुरुस्त्या मिळणाऱ्या मोबाइलवरून. टिपणं संपली की त्याच यंत्रावर लिनक्स.

आमचा निर्णय तुमचा असायलाच हवा असं नाही. तुमचं यंत्र पात्र असेल आणि प्रती तपासून झाल्या असतील, तर थांबण्याचं कारण नाही, करून टाका. पण ज्याने "बघू पुढे" एवढंच ठरवलं आहे, त्याने थांबण्याचा निर्णय घेतलेला नाही, निर्णय टाळला आहे. थांबायचं असेल तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. आणि कुणी विचारलं, "फॉरमॅट करू का?" तर आधी त्यालाच विचारा, "म्हणजे नक्की काय जाईल?"

आज इथेच थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.